वाटणीतली खोळ

आमच्या भागात 'लकवा' हा शब्द पेपरात वाचायला मिळायचा. बोलताना सगळे 'वारं गेलंय' असंच म्हणायचे. माझ्या अंगावरून वारं गेलं ते जन्मतानाच. आईचं बाळंतपण अडलं, वस्तीवरून दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत फार उशीर झाला आणि मी आले ती निळी पडलेली, न रडता. वर्षाची होईपर्यंत घरातल्यांच्या लक्षात आलं, की ही पोर सगळं डाव्या हाताने धरते, उजवी मूठ काही उघडत नाही. चालायला लागले तीही उजवा पाय फरफटत. कुणी पोलिओ म्हणालं, कुणी कुलदैवताचं काहीतरी राहिलंय म्हणालं. बायका माझ्याकडे बघून नुसतं 'च्च' करायच्या. त्या 'च्च'चा मला इतका राग यायचा, की मी मुद्दाम त्यांच्यासमोर भरलेली कळशी डाव्या हाताने उचलायची आणि निम्मं पाणी स्वतःच्याच परकरावर सांडून घ्यायची. मग त्या आणखी 'च्च' करायच्या.

खोडदच्या शिवारात, ओढ्याच्या अलीकडे आमची वस्ती. त्याच सुमाराला गावाच्या रानात आकाशातल्या लहरी ऐकणाऱ्या त्या प्रचंड तबकड्या उभ्या राहत होत्या. आप्पा, म्हणजे माझे वडील, दिवसा तिथे लोखंड बांधायच्या कामाला जायचे आणि संध्याकाळी परत आले की कांद्याच्या वाफ्यांना पाणी द्यायला रानात. पाहुणेरावळे तबकड्या बघायला यायचे, पण आम्हाला त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. म्हशीला त्यांच्या सावलीत बांधलं तर दूध आटतं का, यावर मात्र पारावर खरोखरीच चर्चा झाली होती. पहाटे म्हशीच्या साखळीचा आवाज, डेअरीला निघालेल्या किटल्यांचा खणखणाट, मग विहिरीवरच्या मोटारीची घरघर आणि या सगळ्यावर आईचं भाकरी थापणं. माझा सगळा लहानपणाचा काळ मला त्या थापण्याच्या आवाजात ऐकू येतो. अजूनही कुठे बाजरीची भाकरी थापली जात असेल तर माझी मान आपोआप तिकडे वळते.

आईला माझ्याबद्दल एकच हवं होतं. मी उजव्या हाताने काहीतरी धरावं. लिहायला मी डाव्या हाताने शिकले होते, अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं, पण त्याचं तिला फारसं कौतुक नव्हतं. "एका हातानं जलम निघत न्हाई गं कुंदे," ती माझी वेणी घालता घालता म्हणायची. "मी हाय तवर ठीक हाय. मागनं तुझी येनीफनी कोन करनार? भाकर कोन घालनार?" मी उर्मट होते. मी म्हणायची, केस कापून टाकीन आणि पाव खाईन. मग पाठीत एक धपाटा बसायचा. धपाटा घालणारा तिचा हातही उजवाच असायचा, हे माझ्या तेव्हाही लक्षात यायचं.

मी सातवीत असताना पुण्याच्या डॉक्टर मॅडम आल्या. माझ्यासारख्या, जन्मापासून हातपाय अडलेल्या मुलांवर त्या काहीतरी अभ्यास करत होत्या आणि त्यासाठी जुन्नर-आंबेगावातल्या गावागावांत फिरून मुलं हुडकत होत्या. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी चहा घेतला, म्हशीची चौकशी केली आणि मग मला समोर बसवून माझी मूठ हळूहळू, एकेक बोट करत उघडली. आईला त्यांनी समजावलं, की हे वारं नाही आणि देवाचा कोपही नाही. जन्मताना मेंदूच्या एका भागाला पुरेशी हवा मिळाली नाही, तो भाग जायबंदी झाला. ती इजा आता वाढणार नाही आणि भरूनही येणार नाही, पण हात शिकू शकतो. "पोर हुशार आहे," त्या म्हणाल्या. "चांगल्या हाताने सगळं भागवते. त्यामुळे दुसऱ्या हाताला कधी काम पडलंच नाही. चांगला हात रोज काही वेळ बांधून ठेवला तर कदाचित दुसरा शिकेल."

"कदाचित म्हंजी?" आईने विचारलं.

"म्हणजे मला माहीत नाही, ताई. तेच तर शोधायचंय."

मोठं, शिकलेलं, चष्मा लावणारं माणूस 'मला माहीत नाही' असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आमच्या शाळेत गुरुजींना सगळं माहीत असायचं, त्यामुळे मला मॅडम जरा कच्च्याच वाटल्या. आईला मात्र त्या तिथेच आवडल्या. रात्री आप्पांना ती म्हणाली, "बाई खोटं बोलत न्हाई. जाऊया."

नारायणगावला एका दवाखान्याच्या मागच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं होतं. राजुरीची, निरगुडसरची, कुठकुठली माणसं आपापली पोरं घेऊन आली होती. कुणी खांद्यावर, कुणी कडेवर, कुणी माझ्यासारखी फरफटत. आपल्यासारखी इतकी पोरं जगात आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्याच गावची विमलही होती. ती माझ्या वर्गात होती, तिचा डावा हात अडलेला, आणि आम्हा दोघींना मास्तर एका बाकावर बसवायचे, म्हणजे मिळून दोन हात होतात असं म्हणून. हा विनोद ते दर वर्षी करायचे. विमलची आई हिराबाई आणि माझी आई कांद्याच्या लागणीला एकाच सावडीत होत्या. आज तुझ्या रानात सगळ्यांनी राबायचं, उद्या माझ्या, अशी ती पद्धत.

मॅडमनी समोर उभं राहून सांगितलं. निम्म्या मुलांच्या चांगल्या हाताला खोळ घालायची, रोज सकाळी उठल्यापासून संध्याकाळपर्यंत. उरलेल्या निम्म्यांना खोळ नाही, त्यांना मालिश आणि ताण द्यायचे व्यायाम. काही महिन्यांनी बघायचं, कुणाचा हात जास्त चालतो. खोळीचा गुण आला तर पुढे सगळ्यांना खोळ. "कोणाला काय मिळेल हे मी ठरवणार नाही. मी ठरवलं तर मी नकळत हुशार मुलांनाच खोळ देईन. म्हणून चिठ्ठ्या टाकू." आणि त्यांनी स्टीलच्या डब्यात घड्या केलेल्या चिठ्ठ्या टाकून डबा हलवला. माझ्या चिठ्ठीत खोळ निघाली. विमलच्या चिठ्ठीत निघाली नाही.

इथे मला थांबून, चिठ्ठी टाकणं म्हणजे आमच्याकडे काय असतं ते सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथेच झाली. आप्पा आणि चुलते वेगळे झाले तेव्हा रानाच्या वाटण्या चिठ्ठीनेच झाल्या होत्या. चार माणसांसमोर तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि विहीर चुलत्यांच्या वाट्याला गेली. त्याच दिवशी, कुणी न सांगता, चुलत्यांनी पाण्याचे वार ठरवून दिले. इतके वार माझे, इतके तुझे. याबद्दल त्यांचं कुणी कौतुक केलं नाही, कारण तसंच करायचं असतं. चिठ्ठीत ज्याला बरं निघालं त्याने दुसऱ्याचं उणं भरून काढायचं. जो काढत नाही त्याच्याकडे लोक लग्नाच्या पंगतीतसुद्धा पाठ करून बसतात. तर आईने मॅडमचं बोलणं नीट ऐकलं होतं, मान डोलावली होती, पण चिठ्ठी निघताच तिच्या डोक्यात जे चालू झालं ते मॅडमनी सांगितलेलं नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये हिराबाई खिडकीशी बसली होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती बाहेरचा ऊस बघत होती. आई तिच्या शेजारी सरकली. "हिरे, सकाळी कुंदीला. दुपारच्या जेवनानंतर खोळ तुझ्याकडं पाठवीन. विमलीला घाल."

"मॅडम काय म्हंतील?"

"काय म्हनायचंय? वाटनीच हाय ती."

हिराबाईने पदराने नाक पुसलं. "मंग मालिश आन् व्यायाम मी कुंदीला शिकिवते. आमच्या वाट्याचं." आणि दोघींच्या जिवावरचं ओझं उतरलं. पुढे आळेफाट्याची नवी बाजारपेठ आणि मिरचीचा भाव, यावर त्या घरापर्यंत बोलत राहिल्या.

खोळ म्हणजे जाड्याभरड्या कापडाची पिशवीसारखी, आतून अस्तर लावलेली, मनगटाला नाडी असलेली. तिच्यात माझा डावा, शहाणा हात बांधला की मी ठार आंधळी झाल्यासारखी व्हायची. घास तोंडाकडे जायचा नाही, पेला लवंडायचा, दाराची कडी निघायची नाही. मी रडायची, किंचाळायची, मॅडमना शिव्या द्यायची. आईने यावर उपाय काढला तो शेंगोळ्यांचा. हुलग्याच्या पिठाचा गोळा मळून ती माझ्यासमोर ताट पालथं ठेवायची आणि म्हणायची, वळ. शेंगोळी वळायला बोटं लागत नाहीत, तळवा लागतो. तळव्याखाली पीठ धरून मागेपुढे करायचं. माझी मूठ मिटलेली, त्यामुळे पहिले कित्येक दिवस मुठीनेच पीठ चेचलं. ज्या काही आकाराच्या व्हायच्या त्या आई तशाच लसूण-मिरचीच्या उकळत्या पाण्यात सोडायची आणि सगळ्यांच्या ताटात वाढायची. आप्पा एक शेंगोळी उचलून उजेडात धरायचे. "पारू, आज शेंगोळ्या केल्यात का बटाटं?" मी चिडून उठायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी जोर लावायची. पावसाळा सरता सरता मूठ थोडी सैल झाली. तळवा ताटाला टेकला त्या दिवशी आई चुलीपुढून उठून बाहेर जाऊन म्हशीला उगाच वैरण टाकून आली.

दुपारी खोळ विमलकडे जायची आणि मला सुटल्यासारखं व्हायचं, हे कबूल करायला काही हरकत नाही. निम्मा दिवस माझा हात मला परत मिळायचा. हिराबाईचं घर दोन बांधांपलीकडे. ती येऊन माझ्या खांद्याला, कोपराला तेल लावून ताण द्यायची आणि जाताना खोळ घरी घेऊन जायची. वेगळी खोळ शिवून घ्यायची गोष्ट निघाली होती, पण आई म्हणाली, डॉक्टरच्या अस्तरात काय घातलंय कुणाला ठाऊक, हीच बरी. आज मी दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या पोरींना ही गोष्ट सांगते तेव्हा त्या हसून लोटपोट होतात. आता या उपचाराला लांबलचक इंग्रजी नाव आहे आणि रंगीत, कार्टून छापलेले मोजे मिळतात. अस्तरात कापसाशिवाय काही नव्हतं, हेही मला फार उशिरा कळलं.

मॅडम मधून मधून वस्तीवर यायच्या. पहिल्याच खेपेला त्यांनी सहज विचारलं, "खोळ दिवसभर असते ना हिच्या हातात?" आणि आईने सवयीने मान हलवली. मॅडम गेल्यावर ती उंबऱ्यावर बसून राहिली. तोवर तिला यात लपवण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. आता एक खोटं होऊन बसलं होतं. त्यानंतर जीपचा आवाज आला की आईचा चेहरा उतरायचा. मॅडम जितक्या प्रेमाने बोलायच्या तितकी ती जमिनीकडे बघायची. आमच्या घरात त्या काही महिन्यांत हसणं कमी झालं, आणि त्याचं कारण माझा हात नव्हता.

अर्ध्या वाटेवर एकदा सगळ्यांना तपासायचं असं आधीच ठरलं होतं. दिवाळी होऊन गेली होती. त्याच हॉलमध्ये आम्ही एकेक करून टेबलापाशी बसलो. ताटातल्या भुईमुगाच्या शेंगा अडलेल्या हाताने उचलून वाटीत टाकायच्या, बाटलीचं झाकण फिरवायचं, शर्टाचं बटण काढायचं. मॅडमच्या हातात घड्याळ. मी सहा महिन्यांपूर्वी एक शेंग उचलू शकत नव्हते, आता चिमटीत नाही पण मुठीत धरून टाकत होते. विमलही जवळपास तितकंच करत होती. मॅडम पुन्हा पुन्हा आमच्या दोघींकडे आणि आपल्या कागदांकडे बघत होत्या. सगळ्यांचं झाल्यावर त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. चेहरा थकलेला होता.

"मला तुम्हाला खरं ते सांगायला हवं," त्या म्हणाल्या. "खोळ घातलेल्या आणि न घातलेल्या, दोन्ही मुलांत सारखाच थोडासा फरक पडलाय. म्हणजे जो पडलाय तो वयाने, नाहीतर तुम्ही लक्ष दिलंत त्याने. खोळीचा म्हणून वेगळा काही गुण दिसत नाही. मुलांचा चांगला हात उगाच बांधून ठेवणं मला पटणार नाही. आज खोळी परत द्या. हे आपण इथेच थांबवू."

आईच्या मांडीवर आमची खोळ होती. ती तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मला आठवतं, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते, की सुटले. पण लगेच ते सुटणं नकोसं झालं. कारण पीठ तळव्याखाली सरकतं तेव्हा कसं वाटतं हे मला आता माहीत झालं होतं. ते थांबलं तर पुन्हा मूठ मिटणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आई उठायला लागली. हिराबाईने तिचा पदर खाली ओढला. "बस, पारूताई. काढून टाकतील आपल्याला. पोलिसात देतील." आई पदर सोडवून उभी राहिली.

"मॅडम, खोळीचा दोष न्हाई. आमचा हाय. खोळ निम्माच येळ कुंदीच्या हातात व्हती. निम्मा येळ विमलीच्या. सकाळी हिला, दुपारी तिला."

मॅडमना आधी कळलंच नाही. "कोणाला?"

"ह्या विमलीला. हिच्या चिठ्ठीत निघाली न्हाई ना. आन् हिराबाईनं तिचं व्यायाम कुंदीला दिलं."

मॅडमचा चेहरा लाल झाला. मी त्यांना रागावलेलं तेव्हाच एकदा पाहिलं. "ताई, मी तुम्हाला समजावून सांगितलं होतं! दर खेपेला विचारलं होतं! मग चिठ्ठी कशाला टाकली होती आपण?"

"चिठ्ठी टाकली म्हनूनच तर दिली," आई रडवेली होऊन म्हणाली. "तुमी हातानं वाटलं असतं तर नसती दिली. म्हनलं असतं, डॉक्टरांनी बघून दिलंय. पर चिठ्ठीत मला इहीर निघाली आन् हिला कोरडं रान. पानी न देता मी हिच्या संगं सावडीत कशी राबू?"

मॅडम काही बोलणार तेवढ्यात राजुरीची एक बाई मागून उठली. थोराड, मोठं कुंकू लावलेली. ती म्हणाली, "आमीबी दिली, मॅडम. एक दिस माझ्या पोराला, एक दिस पलीकडच्या आळीतल्या पोराला." मग निरगुडसरच्या दोन जावा एकदम उठल्या. त्यांच्या घरात दोन पोरं, एकाला खोळ निघाली होती, एकाला नाही. त्या एकाच चुलीवर जेवत होत्या, मग वेगळं काय करणार. आणखी एक उठली, आणखी एक. काही जणी उठल्या नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली. ज्यांच्या गावात दुसरं असं मूलच नव्हतं, तेवढ्याच काय त्या सरळ समोर बघत होत्या.

मॅडम खुर्चीवर बसल्या. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. मला वाटलं त्या रडतायत. मग आईकडे बघून त्यांनी शांतपणे विचारलं, "ताई, तुम्ही कांदा करता. नवीन खत आणलं, तर त्याचा गुण कसा बघता?"

"एका वाफ्याला टाकायचं, शेजारच्याला न्हाई टाकायचं."

"आणि दोन्ही वाफ्यांत निम्मं निम्मं टाकलं तर?"

आईचा हात तोंडावर गेला. "तर दोन्ही वाफं सारखंच दिसतील," ती हळू म्हणाली. "आन् मानूस म्हनंल, खत बोगस हाय." हॉलमधल्या सगळ्या बायकांना एकदमच ते कळलं. कुजबुज झाली, कुणीतरी 'अगं आई गं' म्हणालं.

"आणि मी आत्ता तेच म्हणाले," मॅडम म्हणाल्या. "आणखी दोन मिनिटं तुम्ही गप्प बसला असतात तर मी खोळी गोळा करून पुण्याला गेले असते, आणि हा उपचार निकामी आहे असं सगळीकडे सांगितलं असतं." थोडा वेळ त्या कागद नुसतेच हलवत बसल्या. इतक्या महिन्यांचं काम वाया गेलं होतं. त्याचं त्यांना दुःख झालंच असणार, आणि ते त्यांनी आमच्यापासून लपवलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमची मुलं आता या अभ्यासात राहू शकत नाहीत. एकही नाही. तुमची नावं मला काढावी लागतील."

आई मटकन खाली बसली. खोळ तिने पुढे सरकवली, परत द्यायला. हिराबाई डोळ्यांना पदर लावून हुंदके देत होती.

"ती कशाला देताय?" मॅडम म्हणाल्या. "अभ्यासात होतात तोवर मला विमलला खोळ देता येत नव्हती. आता तुम्ही बाहेर आहात. आता मला कुणाला नाही म्हणायचं कारणच उरलं नाही. दोघींना एकेक घ्या. दिवसभर घाला. निम्म्या वेळात जर बोटं इतकी सैल झाली असतील तर पूर्ण वेळात काय होतं ते मलाही बघायचंय. मी येत राहीन."

आईला ते समजायला थोडा वेळ लागला. मग ती हसायला लागली. रडत होती आणि हसत होती, आणि तिच्या बाजूच्या बायकाही हसायला लागल्या, कारण प्रत्येकीच्या छातीवर तेच ओझं होतं आणि प्रत्येकीला वाटत होतं की ते आपल्या एकटीचंच आहे. फडकी सुटली. भाकरी, ठेचा, कुणीतरी रात्रभर खपून केलेल्या मासवड्या. मॅडमच्या पुढ्यात इतकं वाढलं गेलं की त्यांना ते संपेना. आईने त्या दिवशी मॅडमच्या डोळ्यांत बघून, त्यांच्या हातावर हात मारून गप्पा मारल्या. मला माझी जुनी आई परत मिळाली याचा आनंद मला खोळीपेक्षा जास्त झाला, आणि हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी मॅडमनी अभ्यास पहिल्यापासून सुरू केला, नव्या मुलांवर, नव्या गावांत. या वेळी चिठ्ठ्या मुलांच्या नाहीत, गावांच्या टाकायच्या होत्या. एका गावातल्या सगळ्या मुलांना एकच. म्हणजे शेजारणीला द्यायला वेगळं काही हातात राहणारच नाही. त्याचं काय निघालं ते इथेच सांगून टाकते. खोळवाल्या गावांतल्या मुलांचे हात जास्त चालले. फार नाही, चमत्कार नाही, पण जास्त चालले, आणि मग मॅडमनी शब्द दिल्याप्रमाणे राहिलेल्या गावांनाही खोळी वाटल्या. माझा उजवा हात आजही डाव्यासारखा नाही. पन्नाशी उलटली, थंडीत तो आखडतो, बारीक सुई त्याला धरता येत नाही. पण तो कामाला आहे.

तर त्या नव्या अभ्यासाच्या सुरुवातीला मॅडमनी आईला बरोबर चलायची विनंती केली. डोंगराकडच्या, भात पिकवणाऱ्या गावांतले लोक नारायणगावच्या त्याच हॉलमध्ये जमले होते. आईने उभं राहून, चार लोकांत बोलायची सवय नसल्यामुळे जरा जास्तच मोठ्याने, सगळं सांगितलं. विहिरीचं सांगितलं, वाफ्यांचं सांगितलं. "ज्या गावाला खोळ न्हाई निघनार, त्यांनी कळ काढा," ती म्हणाली. "सोयऱ्याधायऱ्यांकडनं मागून आनू नका. आमच्या मॅडम कुनाला इसरत न्हाईत. आमाला कळ निघाली न्हाई, म्हनून त्यास्नी सगळं पुन्यांदा करावं लागतंय."

मी दाराशी उभी होते. आधीच्या वर्षभरात खोळ दिवसभर घातली होती, रोज शेंगोळ्या वळल्या होत्या, आणि आप्पा आता ताटात बघून काही बोलत नव्हते. एका गावाची चिठ्ठी उचलायला त्या गावातली एक तरणी बाई पुढे आली. कडेवर वर्षा-दीड वर्षाचा मुलगा, एक मूठ मिटलेली, दोन्ही पाय ताठ, कात्रीसारखे एकमेकांवर आलेले. डब्यात हात घालायला तिला हात मोकळा हवा होता. तिने इकडेतिकडे बघितलं. सगळ्यांत जवळ मीच होते. "धर गं पोरी जरा," म्हणून तिने मूल माझ्याकडे दिलं आणि पाठ फिरवली.

आजवर माझ्या हातात कुणी मूल दिलं नव्हतं. घरात, भावकीत इतकी पोरं झाली, बारशी झाली, पण मी जवळ गेले की बायका बाळाला आपल्याकडे ओढून घ्यायच्या. त्यात त्यांची चूक नव्हती. आता ते ताठ, जड मूल माझ्या अंगावर आलं आणि विचार करायला वेळच नव्हता. डावा हात त्याच्या बुडाखाली गेला, आणि उजवा, माझा तो उशिरा शिकलेला उजवा, आपणहून त्याच्या पाठीवर आला आणि तिथे राहिला. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. तोंडाला दुधाचा वास येत होता.

मी आईकडे बघितलं. ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभी होती आणि तिने सगळं पाहिलं होतं. एरवी तिथूनच ओरडली असती, सांभाळ गं, पडंल ते. आता तिने माझ्यावरची नजर काढली आणि बाकीच्यांसारखी डब्याकडे, चिठ्ठीत काय निघतंय ते बघायला लागली.